टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड पुस्तकं: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

कुणाला प्रॅचेटचं पुस्तक वाचायला दिलं की आठवड्याभरात प्रश्न यायला लागतात. बरेचसे तेच असतात आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसतो, म्हणून इथे सगळे एकत्र लिहिलेत. जिथे वाचकांमध्ये दोन मतं आहेत तिथे दोन्ही दिलीत आणि माझं मतही दिलंय. एखादा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आलेला असेल तर त्याचा नंबर दिलाय.

1. हा टेरी प्रॅचेट कोण? आणि डिस्कवर्ल्ड म्हणजे नक्की काय?

इंग्लंडचा लेखक. जन्म 1948 चा, 12 मार्च 2015 ला गेला. सतराव्या वर्षी शाळा सोडून एका लोकल पेपरात बातमीदार म्हणून लागला, पुढे सरकारी वीज कंपनीत अणुवीज केंद्रांच्या प्रसिद्धीचं काम केलं आणि ते सांभाळून कादंबऱ्या लिहायचा. 1983 मध्ये 'द कलर ऑफ मॅजिक' आलं, ते डिस्कवर्ल्डचं पहिलं पुस्तक. 1987 मध्ये नोकरी सोडली आणि मग जो सुटला तो सुटलाच, काही काळ तर वर्षाला दोन-दोन पुस्तकं येत होती. एकूण 41 डिस्कवर्ल्ड कादंबऱ्या झाल्या, शेवटची तो गेल्यावर ऑगस्ट 2015 मध्ये आली. बाकीची पुस्तकं वेगळीच. 2009 मध्ये 'सर' झाला.

डिस्कवर्ल्ड म्हणजे थाळीसारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. त्या जगात जादूगार आहेत, चेटकिणी, ड्वार्फ, ट्रोल, गोलेम सगळे आहेत, पण त्यांना भाडं भरायचं असतं, पगार पुरत नसतो, बॉस डोकं खात असतो. सगळी मजा तिथेच आहे.

2. 41 पुस्तकं! सुरुवात कुठून करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि जुन्या वाचकांचं यावर अजिबात एकमत नाही. एक गट म्हणतो पहिल्यापासून क्रमाने वाचा, लेखक कसा वाढत गेला ते दिसतं. दुसरा गट (मोठा आहे हा) म्हणतो की पहिली दोन पुस्तकं आधी वाचूच नका. मी दुसऱ्या गटात.

मला विचाराल तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (1989). अँख-मॉरपॉर्क नावाचं गजबजलेलं घाणेरडं शहर, तिथली रात्रीची पोलीस गस्त म्हणजे तीन माणसं, त्यांचा कॅप्टन सॅम व्हाइम्स कायम दारूत, कारण शहराला पोलिसांची गरजच उरलेली नाही आणि हे त्याला रोज आतून टोचतं. मग कुणीतरी ड्रॅगन बोलावतं. पुस्तक भरपूर हसवतं, पण शंभरेक पानांनंतर कधीतरी तुमच्या लक्षात येतं की या पडेल माणसाची तुम्हाला काळजी वाटायला लागलीय. तिथून पुढे तुम्ही अडकलात.

देवधर्म, तत्त्वज्ञान हा तुमचा विषय असेल तर 'स्मॉल गॉड्स' घ्या (प्र. 10). छोटं, सुटसुटीत काही हवं असेल तर 'मॉर्ट', आणि घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि दोघांनी मिळून वाचायचं असेल तर 'द वी फ्री मेन'. 'नाइट वॉच'ने मात्र कृपा करून सुरुवात करू नका, का ते प्र. 11 मध्ये.

3. मी 'द कलर ऑफ मॅजिक' घेतलं, साठ पानांत कंटाळा आला. प्रॅचेट माझ्यासाठी नाही असं समजू का?

नाही हो, अजिबात नाही. ते पुस्तक म्हणजे त्या काळच्या तलवार-जादू छापाच्या फँटसीची थट्टा आहे आणि ज्या पुस्तकांची थट्टा आहे ती आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलेलीच नसतात, त्यामुळे निम्मे विनोद डोक्यावरून जातात. कथा पण अशी धड नाही, रिन्सविंड नावाचा पळपुटा जादूगार आणि त्या जगातला पहिला टुरिस्ट एका संकटातून दुसऱ्यात पडत राहतात. विनोद चिक्कार, पण माणसं अजून माणसं झालेली नाहीत. ते व्हायला 'मॉर्ट' (1987) आणि 'विर्ड सिस्टर्स' (1988) उजाडावं लागलं असं बहुतेक वाचकांचं मत आहे. पुस्तक बाजूला ठेवा, प्र. 2 मधलं काहीतरी घ्या, पाच-सहा पुस्तकांनंतर परत याल तेव्हा ते आवडेल, मला आवडलं.

4. क्रमाने वाचायला लागतात का?

प्रत्येक कादंबरी स्वतंत्र आहे, गोष्ट त्याच पुस्तकात संपते. पण आत छोट्या मालिका आहेत: शहराची गस्त, चेटकिणी, मृत्यू, रिन्सविंड, टिफनी एकिंग, आणि मॉइस्ट नावाच्या ठगाची तीन पुस्तकं. एका मालिकेतली पुस्तकं त्यांच्या क्रमाने वाचा, एवढंच पाळा. गस्तीच्या आठ पुस्तकांत हे जास्त महत्त्वाचं, कारण व्हाइम्सचं लग्न, बढती, मूल सगळं पुढे सरकत जातं. उलट 'स्मॉल गॉड्स', 'पिरॅमिड्स', 'मॉन्स्ट्रस रेजिमेंट' कधीही उचला.

5. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. विनोद कळतील का?

सगळे नाही कळणार, आणि इंग्रजांनाही सगळे कळत नाहीत. शब्दांचे खेळ खूप आहेत. पहिल्याच पुस्तकात टुरिस्ट 'इन्शुरन्स' समजावतो आणि ऐकणाऱ्याला तो शब्द 'इन-सूअर-अँट्स' असा ऐकू येतो, म्हणजे खाणावळ, गटार आणि मुंग्या. हे वाचताना हळू आवाजात मोठ्याने वाचा, खरंच, अर्धे खेळ कानाला कळतात. ऑडिओबुकचा पण खूप लोकांना फायदा होतो.

मला वाटतं शब्दांच्या विनोदाला लोक उगाच घाबरतात. पुढचंच बघा ना, ती इन्शुरन्सची कल्पना एकदा खाणावळवाल्याला कळली की तो काय करेल? स्वतःची खाणावळ पेटवून द्यायला बघतो आणि शहरभर आग. हे कळायला इंग्रजी किती लागतं?

अजून दोन गोष्टी सांगून ठेवतो. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, त्यामुळे 'हे प्रकरण संपवून झोपतो' असं करता येत नाही, आणि तळटीपा गाळू नका, कधीकधी पानावरचा सगळ्यात चांगला विनोद तिथे खाली असतो. किंडलवर तळटीपेत जाऊन परत यायला वैताग येतो म्हणून काही जण मुद्दाम कागदी प्रत घेतात, मी पण.

6. कासव आणि हत्ती तर आपलेच! त्याने आपल्याकडून उचललं का?

पृथ्वीला कासवाने किंवा हत्तींनी तोलून धरल्याच्या कल्पना आपल्याकडे आहेतच, कूर्मावतार आहे, ऐरावत, पुंडरीक, वामन वगैरे आठ दिग्गज आहेत, आणि आजी सांगायची ती शेषाच्या डोक्यावरची पृथ्वी वेगळीच. हत्तींवर पृथ्वी आणि हत्ती कासवावर, हे चित्र हिंदूंची समजूत म्हणून युरोपातल्या पुस्तकांत काही शतकांपासून फिरतंय आणि प्रॅचेटपर्यंत ते तिथून पोचलं. लपवाछपवी काही नाही. जगात बऱ्याच लोकांनी ही कल्पना केलीय, आपण ती खरी धरून बघू, असा त्याचा पवित्रा आहे. पण पुस्तकात हिंदू पुराणं शोधू नका, कासव म्हणजे फक्त स्टेज आहे, वरचं नाटक बहुतेक करून इंग्लंडचंच आहे.

7. पुलंसारखा आहे का? की मुलांच्या जादूच्या गोष्टी?

मुलांचा म्हणून त्याला बाजूला सारणारे लोक भेटले की मला त्रास होतो. त्याने मुलांसाठी लिहिलंय आणि उत्तम लिहिलंय, 'द अमेझिंग मॉरिस'ला कार्नेगी मेडल मिळालं, पण बाकीची पुस्तकं मोठ्यांचीच आहेत. त्यांत युद्ध आहे, छळ आहे, बँकांचे घोटाळे आहेत.

पुलंशी तुलना एका बाबतीत मला पटते. अंतू बर्वा वाचताना आपण हसत असतो आणि अचानक घशाशी काहीतरी येतं, तसं इथे होतं. फरक असा की पुलंना माणसांची माया आहे आणि प्रॅचेटला माया तर आहेच पण त्याच्या खाली राग आहे. गरिबावर, दुबळ्यावर कुणी पाय दिला की त्याची लेखणी बदलते. त्याचा सहलेखक नील गेमन यानेही लिहून ठेवलंय की लोकांना प्रॅचेट हसरे आजोबा वाटतो पण तो आतून रागावलेला माणूस आहे. तीन-चार पुस्तकं वाचलीत की तुम्हालाही तो राग ओळखू येईल, आणि मग विनोद वेगळे दिसायला लागतात.

8. सगळे 'डेथ' या पात्राबद्दल एवढं भरभरून का बोलतात?

मृत्यू हे तिथलं एक पात्र आहे, सात फूट उंच सांगाडा, हातात कोयता, आणि त्याच्या पांढऱ्या घोड्याचं नाव काय तर बिंकी. 41 पैकी दोनच पुस्तकांत तो येत नाही. आपला यम रेड्यावरून येतो, हिशेब बघतो, पाप-पुण्य मोजतो. हा काही मोजत नाही, शिक्षा देत नाही, तो फक्त वेळेवर येतो, आणि त्याला माणसांचं प्रचंड कुतूहल आहे. मांजरं आवडतात. त्याने एक मुलगी दत्तक घेतलीय, आणि एका पुस्तकात शिकाऊ पोरगा ठेवतो (तोच मॉर्ट). माणसं मरणार हे ठाऊक असूनही सकाळी उठून कामाला कशी लागतात, याचंच त्याला नवल वाटत राहतं. मला विचाराल तर सगळ्या मालिकेत माणसांवर सगळ्यात जास्त जीव या सांगाड्याचा आहे.

तो बोलतो तेव्हा त्याचं बोलणं सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, अवतरणचिन्हं नसतात. आवाज कानात न जाता थेट डोक्यात उमटतो असं दाखवायला.

9. ती बुटांची थिअरी काय आहे? सगळीकडे दिसते.

'मेन अ‍ॅट आर्म्स' (1993) मध्ये आहे. व्हाइम्सचा पगार महिना 38 डॉलर. चांगले चामड्याचे बूट 50 डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडणारे 10 डॉलरचे, जे एक-दोन सीझन चालतात आणि मग तळ फाटून पाणी आत. म्हणजे श्रीमंत माणूस दहा वर्षांत 50 खर्च करतो आणि पाय कोरडे, गरीब तेवढ्याच काळात 100 खर्च करतो आणि तरी पाय ओलेच.

ज्याने पावसाळ्यात स्वस्तातली चप्पल शिवून शिवून वापरलीय त्याला हे समजवावं लागत नाही. एकरकमी पैसे नाहीत म्हणून शाम्पूच्या पुड्या, सुटं तेल घेणाऱ्या घरात हेच चालतं. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये गरिबांच्या महागाईचा वेगळा निर्देशांक मांडायचं ठरलं तेव्हा त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं गेलं, प्रॅचेटच्या वारसांच्या परवानगीने. विनोदी कादंबरीतला एक परिच्छेद इतका लांब गेला याचा वाचक म्हणून मला खूप अभिमान वाटतो.

10. 'स्मॉल गॉड्स' म्हणजे देवाची टिंगल आहे का? आईबाबा श्रद्धाळू आहेत, त्यांना देऊ का?

द्या. आपण 'देव भावाचा भुकेला' म्हणतो ना, हे पुस्तक ते वाक्य अक्षरशः खरं मानून लिहिलंय. डिस्कवर्ल्डमध्ये देवाची ताकद लोकांच्या श्रद्धेवर चालते. ओम हा मोठा देव पृथ्वीवर येतो आणि बघतो तर आपण एक छोटंसं कासव झालोय, कारण त्याच्या नावाने एवढं मोठं राज्य चालतंय, मंदिरं आहेत, चौकशी करून छळणारे पुजारी आहेत, पण खरोखर मनापासून मानणारा एकच उरलाय, ब्रुथा नावाचा निरक्षर शिकाऊ पोरगा. बाकीच्यांचा विश्वास त्या यंत्रणेवर आणि तिच्या भीतीवर.

राग आहे तो त्यातल्या व्होर्बिस या पुजाऱ्यासारख्या माणसांवर, जे देवाच्या नावाने माणसं मारतात. नास्तिक वाचक म्हणतात हे आमचं पुस्तक, आस्तिक वाचक म्हणतात आमचं, मी दोन्ही बाजूंचं ऐकलंय. माझ्या ओळखीतल्या एका वारकरी काकांना अनुवाद करून थोडं वाचून दाखवलं तर ते म्हणाले हा ब्रुथा आपल्याच दिंडीतला दिसतो. (तुमच्या घरी धर्मावरचा कुठलाच विनोद चालत नसेल तर मात्र राहू द्या, वाद घालायला पुस्तक वापरू नये.)

11. 'नाइट वॉच' ला सगळे सर्वोत्तम म्हणतात. मग आधी तेच का नाही वाचायचं? आणि 25 मेची भानगड काय?

कारण त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो, त्याच शहरात, क्रांतीच्या तोंडावर, आणि तिथे त्याला स्वतःच्याच कोवळ्या रूपाला पोलीस बनायला शिकवायचं असतं. तो पुढे कोण होणार हे तुम्हाला माहीत असेल तरच ते काळजाला भिडतं. थेट उचललं तर चांगली थरारकथा म्हणून वाचाल, पण जे मिळायला हवं ते नाही मिळणार. गस्तीची आधीची निदान तीन-चार पुस्तकं होऊ द्या.

विनोद यात कमी आहे, त्यामुळे 'हसायला घेतलं होतं' अशी तक्रारही येते. मला तक्रार कळते, पण मान्य नाही.

25 मे हा त्या क्रांतीत मेलेल्यांचा दिवस. वाचलेले लोक दरवर्षी लायलॅकच्या फुलांचा तुरा लावतात. प्रॅचेटला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं 2007 च्या डिसेंबरात त्याने जाहीर केलं, त्यानंतर जगभरचे वाचकही त्या दिवशी लायलॅक लावायला लागले, त्याच्यासाठी आणि त्या आजाराबद्दल बोललं जावं म्हणून. आपल्याकडे लायलॅक कुठून आणणार, पण मे महिन्यात ताम्हण फुललेला असतो, तसाच जांभळा, आपलं राज्यफूल. मी त्याचा तुरा लावतो.

12. बायकांची पात्रं कशी आहेत? फँटसीत नुसत्या राजकन्या असतात.

इथे म्हाताऱ्या आहेत! ग्रॅनी वेदरवॅक्स ही डोंगरातल्या खेड्यातली चेटकीण, कडक, गर्विष्ठ, आणि जादू येत असूनही शक्यतो न वापरणारी. सुईणपण, मेलेल्याला अंघोळ घालणं, भांडणं मिटवणं ही तिची खरी कामं. सोबत नॅनी ऑग, भरपूर नातवंडांची, खाणं-पिणं-गाणं आवडणारी. असल्या दोन बायका प्रत्येक गावात असतात, कादंबरीची नायिका म्हणून त्यांना कुणी घेत नाही एवढंच. माणसाला वस्तूसारखं वागवणं हीच पापाची सुरुवात, हे ग्रॅनीचं म्हणणं 'कार्पे जुगुलम' मध्ये येतं आणि माझ्या मते सगळ्या 41 पुस्तकांचा कणा तोच आहे.

गस्तीत अँग्वा आहे, चीरी आहे. ड्वार्फांत बाई-पुरुष सगळेच दाढीवाले आणि बाई आहे हे सांगायचंच नसतं, अशात चीरी उघडपणे बाई म्हणून राहायचं ठरवते. तरुण वाचकांचे चीरीबद्दलचे मेसेज मला सगळ्यात जास्त येतात. सुरुवातीच्या दोन-तीन पुस्तकांत मात्र बायकांचं चित्रण पातळ आहे, ते कबूल.

13. 'इंटरेस्टिंग टाइम्स' वाचून अस्वस्थ वाटलं. पूर्वेकडच्या लोकांची थट्टा नाही का ती?

तुम्ही एकटे नाही. 1994 चं पुस्तक आहे, चीन-जपान मिसळून एक साम्राज्य बनवलंय आणि त्यातले बरेच विनोद ठरलेल्या साच्यातले आहेत. बाजू घेणारे म्हणतात की थट्टा खरी बाहेरून येऊन क्रांती शिकवणाऱ्यांची आहे, आणि ते अंशतः खरं आहे, पण त्याने साचे पुसले जात नाहीत. माझ्या यादीत ते खालीच आहे.

त्याच्यानंतर 'जिंगो' (1997) वाचा. समुद्रातून अचानक एक ओसाड बेट वर येतं आणि दोन देश त्याच्यासाठी युद्धाला उभे राहतात. आपल्याला हे चांगलंच समजतं, बंगालच्या उपसागरात 1970 च्या चक्रीवादळानंतर वर आलेल्या न्यू मूर बेटावर भारत आणि बांगलादेश दोघांनी हक्क सांगितला होता आणि 2010 पर्यंत ते पाण्याखाली गेलं सुद्धा. 'जिंगो' मध्ये थट्टा स्वतःच्या लोकांची आहे, शेजाऱ्याबद्दल काहीही माहीत नसताना त्याचा द्वेष करणाऱ्यांची. दोन पुस्तकांत तीन वर्षांचं अंतर, आणि लेखक केवढा पुढे गेलाय.

14. शेवटची पुस्तकं उतरली का?

बहुतेकांचं मत: हो, काही. आजारामुळे त्याला टाइप करणं जमेना, मग बोलून लिहायला लागला आणि ते कळतं. 'स्नफ' आणि 'रेझिंग स्टीम' मध्ये पात्रं लांबलचक बोलतात, शहराचा सत्ताधीश व्हेटिनारी आधी एका भुवईत जे सांगायचा ते आता परिच्छेदभर सांगतो. पण त्याच काळातलं 'आय शॅल वेअर मिडनाइट' (2010) जबरदस्त आहे, त्यामुळे सरसकट म्हणू नका.

शेवटचं 'द शेफर्ड्स क्राउन' काही वाचक मुद्दाम वाचत नाहीत, एक तरी न वाचलेलं राहू दे म्हणून. मी वाचलं. त्याला अजून एक हात फिरवायला वेळ मिळाला नाही हे दिसतं, तरी पहिली काही प्रकरणं मी सोडली नसती. टिफनीची आधीची चार वाचल्याशिवाय हात लावू नका.

15. अर्धवट राहिलेल्या कादंबऱ्या कधी येणार? दुसरं कुणी पुढे लिहील का?

नाही आणि नाही. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या कॉम्प्युटरची हार्ड ड्राइव्ह 2017 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या जत्रेत एका जुन्या वाफेच्या रोड रोलरखाली घातली गेली. त्याच्या मुलीनेही सांगितलंय की नवीन डिस्कवर्ल्ड कादंबऱ्या नाहीत. काही वाचकांना ही नासाडी वाटते. मला वाटतं लेखकाचं अर्धं वाक्य त्याचं स्वतःचं असतं.

16. आधी सिरीज बघितली तर चालेल?

'हॉगफादर' (2006) आणि 'गोइंग पोस्टल' (2010) बघा, पुस्तकाच्या बऱ्यापैकी जवळ आहेत. 2021 ची 'द वॉच' बहुतेक वाचकांना अजिबात आवडली नाही, मला पण.

17. मराठीत कसं आणता येईल? अनुवाद करायचा विचार आहे.

करा, आणि सुरुवात 'स्मॉल गॉड्स'पासून करा, त्यात शब्दखेळ कमी आणि कल्पना जास्त. मोठी अडचण प्र. 8 मधलीच: देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, मग मृत्यू बोलणार कसा? नुसती ठळक अक्षरं ओरडल्यासारखी दिसतात आणि तो ओरडत नाही. मी दोन पानं करून बघितली तेव्हा त्याला ओवीच्या जवळची, थोडी जुनी, क्रियापद शेवटी संथपणे येणारी मराठी दिली आणि अवतरणचिन्हं काढून टाकली, ते बरं वाटलं. ग्रॅनीला बोली द्या, कुठली ते तुमच्या आजीवर सोडतो.

18. घरात नुकतंच कुणीतरी गेलंय. मृत्यूवरची पुस्तकं आत्ता वाचू की नको?

हा प्रश्न कमी येतो पण येतो, आणि दरवेळी मी थांबून उत्तर देतो. 'मॉर्ट' आत्ता नको. त्यात मरायच्या वेळेला एकीला वाचवलं जातं, आणि आपलं माणूस वाचलं नसताना ते वाचणं जड जातं.

'रीपर मॅन' घ्या. त्यात मृत्यूलाच नोकरीवरून काढतात, त्याच्या स्वतःच्या आयुष्याचं वाळूचं घड्याळ त्याच्या हातात येतं, आणि तो मिस फ्लिटवर्थ नावाच्या एका एकट्या म्हातारीच्या शेतावर गडी म्हणून राहतो. पीक कापायला लावलं तर एकेक काडी वेगळी कापतो, कारण प्रत्येकीकडे लक्ष द्यायला हवं असं त्याला वाटतं. दुसरं कथानक (जादूगार आणि खरेदीच्या ढकलगाड्या) बऱ्याच जणांना कंटाळवाणं वाटतं, ती पानं तेव्हा मी सरळ उलटली होती, तुम्हीही उलटा. बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी ते वाचलं, रोज रात्री शेताची दहा-बारा पानं, आणि त्या काड्यांच्या जागी आल्यावर त्या रात्री पहिल्यांदा नीट रडलो.